मृतांवर हक्क कोणाचा?

मृतदेहाची मालकी कोणाकडे असते, असा प्रश्न कोणी विचारला तर आपल्यापैकी पुष्कळांना तो अमंगल वाटेल. ज्या घरात देह म्हणजे जीवाने उतरवून ठेवलेले वस्त्र असे लहानपणापासून ऐकलेले असते, जेथे तिसऱ्या दिवशी अस्थी वेचल्या जातात आणि दहाव्या दिवशी पिंडाला काकस्पर्श झाला म्हणजे मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात, तेथे मालकी हा शब्दच अप्रशस्त होय. तथापि आम्ही ज्या व्यवसायात आहोत त्यात अमंगल प्रश्न टाळून चालत नाही. इंग्रजी कायद्याने या बाबतीत फार पूर्वीच असे ठरवून टाकले की, मृतदेह ही कोणाचीच मालमत्ता नव्हे. तो विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, मृत्युपत्राने कोणास देता येत नाही. जवळच्या आप्ताकडे उरतो तो त्याला योग्य गती देण्याचा अधिकार. आणि तो अधिकारापेक्षा कर्तव्याच्याच जातीचा आहे. आपल्या धर्मशास्त्राची दिशाही निराळी नाही. बंगालच्या दायभागात तर पिंड देण्याची पात्रता हीच वारसाची कसोटी मानली गेली. म्हणजे मृताविषयीचे कर्तव्य आधी आणि त्याच्या धनावरचा हक्क मागाहून.

येथवर सारे सरळ आहे. आप्त आहे, अग्नी आहे, नदी आहे. पण मेलेला माणूस सैनिक असला किंवा राष्ट्राचा पुढारी असला म्हणजे आप्तांच्या शेजारी एक तिसरा येऊन उभा राहतो. तो म्हणजे राज्य. हा आमचा आहे, याला आम्ही आमच्या भूमीत ठेवू, याच्यावर आम्ही दगड उभारू, असे ते म्हणते. या हक्काची मर्यादा कोणती, एवढाच प्रश्न आम्ही या लेखापुरता घेतला आहे. त्यासाठी सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण वाचकांपुढे ठेवतो. कारण तेथे हा प्रश्न खरोखरच न्यायालयात गेला होता, आणि वकिलाला कोर्टात गेलेल्या प्रश्नाचे जरा अधिक प्रेम असते.

वॉशिंग्टन शहरासमोर पोटोमॅक नदीच्या पैलतीरी व्हर्जिनिया राज्यात आर्लिंग्टनची राष्ट्रीय दफनभूमी आहे. सुमारे ६३९ एकरांच्या या टेकड्यांवर चार लाखांहून अधिक माणसे चिरविश्रांती घेत आहेत. सैनिक, त्यांच्या बायका, काही न्यायमूर्ती, दोन राष्ट्राध्यक्ष. एकसारख्या पांढऱ्या शिळांच्या रांगा डोळा पोहोचेल तेथपर्यंत गेलेल्या चित्रांत पाहिल्या नाहीत असा वाचक विरळा. ही भूमी राष्ट्राच्या हाती कशी आली, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

ती एका कुटुंबाची जहागीर होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मानलेल्या नातवाने तेथे घर बांधले, आणि १८५७ साली मरताना मृत्युपत्राने ही मिळकत मुलीला तिच्या हयातीपुरती व तिच्यामागून तिच्या थोरल्या मुलाला दिली. ही मुलगी मेरी, म्हणजे रॉबर्ट ली यांची पत्नी. १८६१ साली यादवी युद्ध पेटले. ली यांनी संघराज्याच्या सैन्याचा राजीनामा दिला व ते बंडखोर दक्षिणेकडे गेले. त्याच मे महिन्यात उत्तरेच्या फौजांनी आर्लिंग्टनचा ताबा घेतला. शत्रूच्या सेनापतीचे घर युद्धात व्यापले गेले यात नवल काही नाही. नवल पुढेच आहे. १८६२ मध्ये बंडखोर मुलखातील जमिनींवर कर बसवणारा कायदा झाला, आणि आर्लिंग्टनवर ९२ डॉलर ७ सेंट एवढा कर आकारला गेला. मेरी ली आजारी होत्या आणि युद्धरेषेच्या पलीकडे होत्या. त्यांनी पैसे देऊन एका आप्ताला पाठवले. कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यांनी पैसे घेतले नाहीत. मालकाने जातीने येऊन कर भरला पाहिजे, असा त्यांनी नियम केला होता! १८६४ च्या जानेवारीत लिलाव झाला, आणि सरकारने आपल्याच करवसुलीत काढलेली मिळकत २६,८०० डॉलरना आपणच विकत घेतली.

लिलावात अशी चलाखी करणारे कारकून आपल्याकडेही कमी नाहीत, त्यामुळे येथवरची हकीकत वाचकांस ओळखीची वाटेल. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात तेथे पहिला सैनिक पुरला गेला. वॉशिंग्टनची इस्पितळे जखमींनी भरली होती, जुन्या दफनभूमींत जागा उरली नव्हती, हे खरे. पण त्याबरोबर दुसराही हेतू होता. सैन्याच्या पुरवठा खात्याचे प्रमुख जनरल मिग्ज हे तरुणपणी याच ली यांच्या हाताखाली काम केलेले, स्वतः दक्षिणेत जन्मलेले आणि म्हणूनच की काय, दक्षिणेच्या बंडखोरांवर अधिकच संतापलेले. त्यांनी अधिकाऱ्यांच्या कबरी मुद्दाम घराच्या अगदी जवळ, मेरी ली यांच्या फुलबागेच्या कडेने घालवल्या. १८६६ साली त्या बागेलगत एक मोठे तळघर खणून रणभूमीवर सापडलेले २,१११ अनोळखी सैनिकांचे अवशेष त्यात एकत्र ठेवले. हेतू उघड होता. ज्या अंगणात दोन हजार मृत निजले आहेत त्या घरात कोणते कुटुंब परत राहावयास येईल? मिग्ज यांना आपण निव्वळ खलपुरुष ठरवू नये. त्यांचा स्वतःचा मुलगा १८६४ च्या ऑक्टोबरात त्याच युद्धात पडला होता, आणि पुढे बापलेक दोघेही त्याच भूमीत गेले. शोक आणि सूड एकाच फावड्याने माती ओढीत होते.

रॉबर्ट ली १८७० साली वारले, मेरी १८७३ साली. १८७७ मध्ये त्यांच्या थोरल्या मुलाने, कस्टिस ली यांनी, आजोबांच्या मृत्युपत्राच्या आधारे दावा लावला. सरकारवर दावा लावता येत नव्हता. म्हणून ज्या दोन अधिकाऱ्यांच्या ताब्यात जागा होती त्यांच्यावर लावला. सरकारच्या वकिलांचे म्हणणे थोडक्यात असे: सार्वभौम राज्यावर त्याच्या संमतीवाचून फिर्याद चालत नाही, हे अधिकारी राज्याच्या हुकमाने बसले आहेत, आणि तेथे आता किल्ला आहे, राष्ट्राच्या वीरांची दफनभूमी आहे. ज्यूरीने निकाल ली यांच्या बाजूने दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १८८२ च्या डिसेंबरात पाच विरुद्ध चार मतांनी तेथेही तोच निकाल कायम झाला. न्यायमूर्ती मिलर यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, राज्याचा नोकर राज्याच्या नावाने एखाद्याची जमीन योग्य मोबदल्याविना दाबून बसला असेल तर राज्याचे नाव त्याला वाचवू शकत नाही. विरुद्ध मत देणारे चार न्यायमूर्ती काही मूर्ख नव्हते. राज्याच्या हाताला धरून खेचणे म्हणजे राज्यालाच खेचणे, या त्यांच्या म्हणण्यात तर्क आहे. पण आमच्या मते पाच जणांनी कायद्याची लाज राखली. हे न्यायालय ज्या सरकारने नेमलेले, त्याच सरकारच्या विजयी सैन्याचे मृत त्या जमिनीत होते. आणि जमीन मागणारा मनुष्य पराभूत शत्रूचा मुलगा, स्वतः शत्रूच्या सैन्यातला अधिकारी होता. अशा वेळी कागद पाहून निकाल देणे सोपे नसते.

आता हजारो कबरी उकरून काढाव्यात की काय, असा पेच उभा राहिला. कस्टिस ली यांनी तो आग्रह धरला नाही. काँग्रेसने १,५०,००० डॉलर मंजूर केले, आणि १८८३ च्या मार्चअखेर त्यांनी खरेदीखतावर सही केली. ते खत सरकारतर्फे स्वीकारणारे युद्धमंत्री होते रॉबर्ट लिंकन, म्हणजे अब्राहम लिंकन यांचे पुत्र. एका बापाने ज्या राज्याविरुद्ध तलवार धरली व दुसऱ्या बापाने जे राज्य प्राण देऊन राखले, त्यांच्या मुलांनी ती जमीन कायदेशीर किमतीने एकमेकांस दिली घेतली. पुढे रॉबर्ट लिंकनही त्याच भूमीत विसावले.

या खटल्याची आम्ही एवढी विस्ताराने हकीकत सांगितली, तिला कारण आहे. मृतांची ढाल करून जिवंतांनी केलेला अन्याय पवित्र ठरत नाही, ही गोष्ट आपल्या लोकांना अजून पुरती पटलेली नाही. वादातल्या वावरात रातोरात एखादी समाधी उठते, तुळशीवृंदावन बांधले जाते, पादुका बसतात, आणि मग दुसऱ्या पक्षाला विचारले जाते की, आता पूर्वजांना हलवणार काय? आमच्या वकिलीच्या काळात असे दावे आम्ही एकाहून अधिक पाहिले आहेत. ज्याने पादुका बसवल्या त्याची भक्ती कधी कधी खरीही असते. पण ती खरी असल्याने सातबारा बदलत नाही.

आणि हे केवळ परकीय कायद्याचे तत्त्व आहे असे कोणी समजू नये. आपल्या श्राद्धविषयक निबंधग्रंथांत स्पष्ट सांगितले आहे की, दुसऱ्याच्या मालकीच्या भूमीवर श्राद्ध करू नये; केल्यास त्या भूमीच्या स्वामीचे पितर ते कर्म फळू देत नाहीत. अरण्ये, पर्वत, तीर्थे, देवायतने ही अपवाद. कारण ती कोणाच्याच मालकीची नाहीत. आमच्या जुन्या शास्त्रकाराने जणू आर्लिंग्टनचा दावा आधीच ऐकून ठेवला होता! ९२ डॉलरांचा कर नाकारून घेतलेल्या जमिनीवर एकोणीस वर्षे जी मानवंदना दिली गेली, तिच्या आड कस्टिस ली यांचे पितर उभे होते असे म्हणावयास हरकत नाही. किंमत मोजली गेली तेव्हा ते बाजूला झाले.

जमिनीचा प्रश्न असा सुटला. देहाचा प्रश्न याहून कठीण.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंड व अमेरिका या दोन राष्ट्रांनी या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरे दिली. १९१७ साली स्थापन झालेल्या साम्राज्याच्या युद्धकबर आयोगाने ठरवले की, कोणाचाही देह मायदेशी न्यावयाचा नाही. जो जेथे पडला तेथेच त्याच्या सोबत्यांमध्ये राहील, आणि सरदार असो वा शिपाई, शिळा सर्वांची एकाच मापाची असेल. कारण उघड होते. परवानगी दिली असती तर श्रीमंतांचे पुत्र घरी परतले असते व गरिबांचे फ्रान्सच्या चिखलात राहिले असते. पुष्कळ आयांनी याविरुद्ध आक्रोश केला. १९२० साली पार्लमेंटात वाद झाला. पण नियम टिकला. अमेरिकेने कुटुंबांनाच विचारले. सुमारे ४६,००० देह सरकारी खर्चाने परत नेले गेले आणि सुमारे ३०,००० युरोपात राहिले. एका राष्ट्राने समतेसाठी आईचा हक्क काढून घेतला. दुसऱ्याने आईला हक्क दिला, व सरकारी खर्चाने दिला म्हणून समतेलाही फारसा बाध आला नाही. आम्हाला दुसरा मार्ग अधिक न्याय्य वाटतो. मात्र तो पैसेवाल्या राष्ट्रालाच परवडणारा होता, हेही खरे.

आपल्या देशात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या युद्धांत साधारणपणे रणभूमीजवळच लष्करी इतमामाने अग्निसंस्कार होत, आणि घरी येई ती तार, मागाहून एखादी पेटी. १९९९ च्या कारगिल युद्धापासून देह गावी पोहोचवण्याची पद्धत सर्रास रूढ झाली. त्यामुळे आईला मुलाचे मुख दिसते, बापाला किंवा लेकाला स्वहस्ते अग्नी देता येतो. याविरुद्ध असे म्हणणारे आहेत की, अंत्ययात्रेत पुढाऱ्यांची गर्दी होते, कॅमेरे होतात, शोकाचा मेळा होतो. गर्दी होते हे खरे. पण त्यावरचा उपाय पुढाऱ्यांना आवरणे हा आहे. आईपासून देह दूर ठेवणे हा नव्हे.

देहावर आप्ताचा हक्क आधी की राष्ट्राचा, याचा कस लावणारी आणखी एक घटना आर्लिंग्टनलाच घडली. १९२१ च्या ११ नोव्हेंबरला तेथे अनाम सैनिकाची समाधी झाली. फ्रान्समध्ये चार अनोळखी सैनिकांच्या शवपेट्या मांडल्या होत्या. एका सार्जंटने त्यांपैकी एकीवर पांढरी फुले ठेवली, आणि तो चौघांतला एक सर्व अनामांचा प्रतिनिधी झाला. ज्या ज्या आईचा मुलगा परतला नाही, तिला तो आपलाच असे मानता यावे, ही त्यामागची कल्पना. पुढे दुसऱ्या महायुद्धाचा व कोरियाच्या युद्धाचा अनाम सैनिक तेथे आणला गेला, आणि १९८४ साली व्हिएतनामचाही. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्राने रक्ताच्या नात्याची खूण हाडांतून वाचण्याची विद्या हस्तगत केली. एका कुटुंबाला सबळ संशय होता की तो अनाम सैनिक आपलाच मुलगा आहे. त्यांनी समाधी उघडण्याची मागणी केली. १९९८ साली ती उघडली, तपासणी झाली, आणि तो मायकेल ब्लासी नावाचा वैमानिक निघाला. घरच्यांनी त्याला आपल्या गावी, सेंट लुईसजवळच्या दफनभूमीत नेले.

त्या वेळी असा आक्षेप घेतला गेला की, ज्या समाधीपुढे राष्ट्र नतमस्तक होते तिला एका घराच्या इच्छेखातर हात लावू नये. हा आक्षेप क्षुल्लक नाही. लक्षावधी लोकांच्या श्रद्धेचे स्थान हे एका कुटुंबाच्या दुःखाहून मोठे असू शकते. देवस्थानांच्या कारभारात वावरलेल्या वाचकांना हे सांगावयास नको. पण अनाम सैनिकाचा मान कशावर उभा आहे? त्याचे नाव कोणास ठाऊक नाही, या सत्यावर. नाव कळू शकते असे दिसल्यावर ते कळू न देणे म्हणजे अनामिकता जपणे नव्हे, ती लादणे होय. ज्याचे नाव आपण जाणूनबुजून झाकून ठेवले त्याच्यापुढे लावलेली धूपबत्ती त्याला पोहोचत नाही. ती जागा आता रिकामीच ठेवली आहे. बेपत्ता सैनिकांच्या नावे तिच्यावर लेख आहे, आणि पहारेकरी आजही तिच्यापुढून मोजकी पावले टाकतो.

देहाविण जागेला मान देण्याची ही रीत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. आपण तर हजार वर्षे हेच करीत आलो. बेळगाव, कोल्हापूर, गोवा या टापूत गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात, कधी शेताच्या बांधावर वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढणारा वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मुंबईजवळ एकसरला तर गलबतांच्या लढाईचे वीरगळ आहेत. त्या दगडाखाली देह नाही. देह केव्हाच जळाला. बहुतेकांवर नावही नाही. लोक तेल घालतात, शेंदूर लावतात, आणि कोण तो, हे विचारले तर 'आमचा राखणदार' म्हणून सांगतात. गोव्यातल्या पुष्कळ देवळांच्या परिसरात मूळपुरुषाचे स्थान असते तसे निर्वंशीचेही असते. ज्याच्या मागे पाणी द्यावयास कोणी उरले नाही, त्याला अख्खा गाव नारळ ठेवतो. ही कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याच्या उदारपणाला आम्ही तरी अनाम सैनिकाच्या समाधीहून खालची पायरी देणार नाही.

नित्याच्या तर्पणातही हेच आहे. आपले पितर झाल्यावर, ज्यांना आई नाही, बाप नाही, मित्र नाही, सगा नाही, अशांनाही ओंजळ द्यावयाची असते. आणि कुळात जे निपुत्रिक गेले त्यांच्यासाठी ओले वस्त्र पिळावयाचे असते. माघ शुद्ध अष्टमीला भीष्मांना सर्वांनी पाणी देण्याचा विधी सांगितला आहे. आजन्म ब्रह्मचारी राहिलेल्या त्या सेनापतीला पुत्र नव्हता, म्हणून सगळा समाज त्याचा पुत्र झाला. भाद्रपद वद्य चतुर्दशीला, जिला आपण घातचतुर्दशी म्हणतो, शस्त्राने मेलेल्यांचे श्राद्ध असते. ज्या धर्मात सैनिकासाठी पंचांगातली एक तिथी राखून ठेवलेली आहे, त्या धर्माच्या लोकांना मृत सैनिकांची कदर नाही असे कोणी म्हणू नये. आपला काळात विश्वास अधिक, स्थळात कमी, एवढाच काय तो भेद. पाश्चात्त्य मनुष्य फुले घेऊन जागेकडे जातो. आपण तिथीची वाट पाहतो.

तरीही आपल्या पुढाऱ्यांच्या बाबतीत हा विवेक सुटलेला दिसतो. छत्र्या बांधण्याची रीत मराठ्यांत होतीच. ग्वाल्हेरच्या, इंदूरच्या छत्र्या आणि बडोद्याचे कीर्तिमंदिर आमच्या पुष्कळ वाचकांच्या रोजच्या वाटेवरचे आहे. पण त्या राजघराण्यांनी आपल्या खर्चाने उभारलेल्या वास्तू होत. लोकशाहीत हा खर्च कोणाचा आणि ही जागा कोणाची? जवाहरलाल नेहरूंनी आपल्या मृत्युपत्रात रक्षेचा एक मूठभर भाग प्रयागला गंगेत सोडावा आणि उरलेली विमानातून देशाच्या शेतांवर विखरून टाकावी असे लिहून ठेवले होते, आणि तसेच झालेही. तरी १९६४ साली चिता जेथे पेटली तेथे शांतिवन उभे राहिलेच. यमुनेच्या काठी अशी एकामागून एक स्थळे वाढत गेली. अखेर २०१३ साली केंद्र सरकारने सर्वांसाठी मिळून एकच राष्ट्रीय स्मृतिस्थळ करावयाचे ठरवले; अटलबिहारी वाजपेयींचा अंत्यसंस्कार २०१८ साली तेथेच झाला. हा निर्णय आम्हाला योग्य वाटतो. मात्र महात्माजींचे राजघाट या हिशेबात धरू नये. त्यांची गोष्ट वेगळी, आणि ती वेगळी का, हे सिद्ध करीत बसण्याची आम्हाला गरज वाटत नाही.

समतेचा मुद्दा राहिला. एकसारख्या शिळांच्या रांगा पाहून मन भारावते, पण वकिलाने रांगेच्या टोकाला काय आहे तेही पाहावे. आर्लिंग्टनमध्ये सत्ताविसावा म्हणून जो विभाग आहे तेथे काळ्या वर्णाच्या सैनिकांना वेगळे पुरले जाई, आणि दास्यातून सुटलेल्या हजारो स्त्रीपुरुषांनाही. त्या मुक्त झालेल्यांच्या शिळांवर 'नागरिक' असा शब्द कोरलेला आढळतो. जिवंतपणी जो शब्द त्यांना धड मिळाला नव्हता तो मेल्यावर दगडावर आला. सैन्यातला वर्णभेद १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या हुकमाने उठला, तेव्हा दफनभूमीतलाही उठला. तोवर मृत्यूने सर्व समान होतात हे वचन तेथे खोटे होते.

आणि इंग्रजांच्या आयोगाचे काय? त्याची समता अधिक गाजलेली, म्हणून तिची तपासणीही अधिक कडक व्हावयास हवी. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर साडेचार हजारांहून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. तेथे कुचराई झाली नाही. मेसोपोटेमियात झाली. कूतच्या वेढ्यात, जो १९१६ च्या एप्रिलात शरणागतीने संपला, एकशेतीन, एकशेदहा आणि एकशेसतरा या मराठा पलटणी होत्या. कोकणातली, साताऱ्याकडची माणसे उपाशी राहून लढली, आणि पुष्कळ कैदेच्या वाटेवर वाळवंटात पडली. बसऱ्याच्या स्मारकावर १९२९ साली इंग्रज सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा दिला. अमुक पलटणीचे आणखी अमुक इतके! आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीने २०२१ साली हे मान्य केले. निदान ४५,००० मृतांचे, मुख्यतः हिंदी व आफ्रिकी सैनिकांचे, स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि किमान १,१६,००० जणांचे नावाने किंवा अजिबातच झाले नाही, असे तिने म्हटले. हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकतो, असेही. आयोगाने क्षमा मागितली.

इंग्लंडात ब्रायटनजवळच्या टेकडीवर एक संगमरवरी छत्री आहे. तेथील इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांना त्या जागी अग्नी दिला होता, म्हणून १९२१ साली ती उभारली. छत्री देखणी आहे. पण त्या त्रेपन्न जणांची नावे तेथे दगडावर आली ती २०१० साली.

आपल्याकडच्या कित्येक गावांच्या चावडीवर, देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीत त्या युद्धाची संगमरवरी पाटी असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामी आले, असा तिच्यावर मजकूर असतो. तोही आकडाच. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात, जे २०१९ साली खुले झाले, स्वातंत्र्यानंतरच्या २५,९४२ हून अधिक वीरांचे नाव एकेका विटेएवढ्या दगडावर आहे. त्याआधीच्यांना तेथे जागा नाही, आणि इंडिया गेटवर आहेत ती सुमारे तेरा हजार. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे असो, रत्नागिरीकडचे एखादे खेडे असो की बेळगावच्या परिसरातले, त्या पाटीवरच्या आकड्याची नावे बहुतेक ठिकाणी आता गावालाही ठाऊक नसतात.

ती सापडू शकतात. युद्धकबर आयोगाची नोंदवही सर्वांना खुली आहे. तीत पलटणीचा क्रमांक आणि जिल्ह्याचे नाव घालून शोध घेता येतो, आणि पुष्कळ नोंदींत बापाचे किंवा बायकोचे नाव व गाव दिलेले असते. रोमन लिपीत गावांची नावे इतकी मोडून लिहिलेली आहेत की परक्याला ती उमगणार नाहीत. गावच्या माणसाला लागलीच उमगतात. पाटी ज्या देवळाच्या भिंतीत आहे तेथल्या समितीने एखाद्या शिकलेल्या मुलाला एका पावसाळ्यापुरते या कामाला लावावे, आणि घातचतुर्दशीला, ओंजळ सोडण्यापूर्वी, सापडतील तेवढी नावे गोत्र ठाऊक नसले तरी मोठ्याने वाचावीत. गोत्र ठाऊक नसेल तेथे काश्यप म्हणावे, अशी सोय शास्त्राने करून ठेवलेली आहेच.